मागच्या खोक्यातली झील

आधी माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ कधीच जमलं नाही. माहेरी, दिवा गावातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढच्या शाळेला मुंब्र्याला जावं लागायचं, आणि तेव्हा एकट्या मुलीला कोण पाठवणार... तर कुणी हे वाचलंच, तर सांभाळून घ्या.

शेजारच्या बाईंकडं एक मासिक येतं. त्यात लोक आपापले विचित्र अनुभव लिहितात. मी ते वाचायची आणि हसायची. खरंच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या खाडीवर अंधारात दिवे फिरतात म्हणून पोरं घाबरायची, तेव्हा मी म्हणायची — अरे, जाळी टाकायला गेलेली माणसं आहेत ती, तुमचा काकाच असेल त्यांच्यात. आणि तसंच असायचं. म्हणून हे लिहिताना माझा मलाच संकोच वाटतो. मासिकाला पाठवायचं धाडस होईल असं वाटत नाही. पण डोक्यात आहे तसं एकदा कागदावर ठेवावं, म्हणून लिहिते.

जागा नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ठाण्याला बाळकुमच्या नाक्यावर उतरून खाडीकडं चालत गेलं की आमचं जुनं गाव लागतं. आता आजूबाजूला मोठमोठ्या बिल्डिंगी झाल्यात, पण पंच्याण्णवच्या आसपास आमची आळी कौलारूच होती. एकच अंगण, दोन दारं. पुढच्या दारात मोठे दीर — आम्ही त्यांना दादा म्हणतो — आणि जाऊबाई. मागच्या दारात आम्ही आणि सासूबाई. आमच्या बाहेरच्या खोलीच्या डाव्या भिंतीला लागून केबलवाल्याची खोली होती. त्याच्या डिशच्या छत्र्या आमच्या कौलांवर सावली टाकायच्या.

आमचे हे कंपनीत होते. त्यांना आवाजाचं वेड. लग्नाला गेलो की बाकीचे जेवायला बसायचे आणि हे लाउडस्पीकरवाल्याजवळ जाऊन उभे. एकदा मुंबईला मोठ्या थिएटरात पिक्चर बघून आले आणि जेवेनात. म्हणाले, "सुमन, पाऊस पडला तो पाठीमागून पडला. मी वळून बघितलं." तेव्हापासून एकच ध्यास — घरच्या टीव्हीचा आवाज तसा चारी बाजूंनी आला पाहिजे.

त्यांचा कंपनीतला मित्र दिलीप, डोंबिवलीचा. त्याला त्यातलं कळायचं. दोघांनी मिळून अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची दोन खोकी आणली. पैसे दादांकडून उसने घेतले. संगीताच्या, म्हणजे दादांच्या मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते ते. हे म्हणाले, पगारातून महिन्याला देऊ. तिसरं खोकं ह्यांनी स्वतः प्लायवूडचं ठोकलं आणि मागच्या भिंतीवर, सासूबाई जिथं टेकून बसायच्या तिथं वर टांगलं.

"माज्या डोक्यावर कोन बसवलास?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मागचा आवाज त्यातून येणार."

"मागं भिंत हाय. भिंतीला कसला आवाज?"

केबलवाल्यानं मैत्रीखातर डिशच्या मशिनीतून एका चॅनलची वेगळी वायर भिंतीतून आत दिली होती. त्यावर क्रिकेटची मॅच चालू होती. दिलीपनं मागच्या खोक्याची वायर जोडली मात्र... आणि सगळी खोली माणसांनी भरून गेली. बोलणारा माणूस समोर, पण टाळ्या मागून, शिट्ट्या मागून, कुणीतरी लांबून मारलेली हाक मागून. मी पदर सावरला. खोटं कशाला सांगू, एवढ्या पुरुषांत बसल्यासारखं वाटलं. सासूबाई चटकन उठून उभ्या राहिल्या आणि मागं बघून म्हणाल्या, "येवडी मानसं आयलीत! सुमे, बघतेस काय? चाय ठेव!"

सगळे हसले. पुढं कितीतरी दिवस घरात कुणीही आलं की हे विचारायचे, "आई, मागच्या पाहुण्यांना चहा विचारला का?"

दिलीपनं मला समजावलं होतं, ते इथं लिहिते, कारण त्याचं काम पुढं आहे. तो म्हणाला, "वहिनी, मागच्या खोक्याची वायर मी अॅम्प्लिफायरच्या दोन लाल टोकांना जोडलीय. त्यामुळं डावीकडं आणि उजवीकडं जे सारखं असतं, ते मागं येतच नाही. दोन्हीकडं जो फरक असतो, तेवढाच मागं येतो. बोलणारा मधोमध असतो, तो दोन्हीकडं सारखा, म्हणून तो गळतो. टाळ्या इकडं वेगळ्या, तिकडं वेगळ्या, म्हणून त्या राहतात."

"आणि सरकारी चॅनलवर?"

"तिथं एकच आवाज दोन्हीकडं जातो. फरकच नाही, तर मागं काय येणार?"

तसंच होतं. सरकारी मराठी चॅनल लावला की मागचं खोकं ठार गप्प. सासूबाई म्हणायच्या, "सरकारच्या मागं कोन बसतंय?"

आता सासूबाईंविषयी. त्या गावच्या धवलारीण होत्या. आमच्याकडं लग्नात धवलारीण बाई मांडवात बसून धवला गाते — देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण देते. हे कुठं लिहिलेलं नसतं, तोंडीच येतं. ती ओळ टाकते आणि मागं बसलेली बाई तिचा शेवट उचलते. त्याला झील धरणं म्हणतात. मी सासूबाईंची झील धरायची. मला लाजरीला ते बरं होतं. त्यांच्या पाठीमागं बसायचं, नजर दिव्यावर ठेवायची आणि आवाजाला आवाज लावायचा. झील धरणारीनं धवलारणीच्या तोंडाकडं बघायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलेलं.

त्यात सगळ्यात शेवटी बायकांची हाक असते. त्या घरात नांदून गेलेल्या, त्या घरात जन्मून गेलेल्या सगळ्या बायकांना एकेकीचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. नुसतं नाव नाही, प्रत्येकीची काही खूण. ज्या आधी गेल्या त्या आधी, मग त्यांच्यानंतर गेलेल्या. आधी गेलेलीला टाकून नंतरच्या कुणाला हाक मारायची नाही. ती हाक झाली की मग नवरीला हळद. प्रत्येक घराच्या बायका वेगळ्या, आणि गावातल्या सगळ्या घरांच्या बायका सासूबाईंना पाठ.

ह्यांनी एकदा टेप करू का विचारलं होतं. सासूबाई भडकल्या. "धवला मांडवात गातात. मशिनीत घालाचा नाय." त्यामुळं त्यांच्या धवल्याची टेप कुठंही नाही. हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी गणपती झाले आणि सासूबाई गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत. ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. दादांचे पैसे देणं थांबलं. आणि संगीताचं लग्न ठरलं.

जाऊबाई तोंडानं फटकळ. त्या अंगणात धुणं वाळत घालताना मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "लोकांच्या पोरीचं सोनं तिजोरीत असतं. आमच्या पोरीचं खोक्यात वाजतंय." खरंच होतं ते. शेवटी ह्यांनीच ठरवलं, सगळा सेट विकून टाकायचा. कंपनी बंद पडल्यावर दिलीपनं डोंबिवलीत रिपेरिंगचं दुकान टाकलं होतं, त्यालाच गिऱ्हाईक बघायला सांगितलं. तो रविवारी येऊन नेणार होता.

पण लग्नात खरी अडचण पैशाची नव्हतीच. अडचण संगीतानं काढली. ती आजीच्या मांडीवर वाढलेली. हळदीची तयारी चालली होती, तेव्हा ती सरळ म्हणाली, "आजीला मांडवात बोलावल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाय."

"अगं, धवलारीणच गेली. आता बोलावील कोण?" दादा म्हणाले.

"काकी बोलावील. काकी मागं बसायची ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आत पळाले.

जाऊबाई मागून आल्या. "काय गो, येत नाय तुला?"

कसं सांगू त्यांना? देवांचं, गावदेवीचं सगळं मला ऐकून ऐकून येत होतं. पण बायकांची हाक येत नव्हती. कारण त्यात झील प्रत्येक नावाला एकच — "मांडवा ये गो, मांडवा ये." कुणाचंही नाव येवो, मला तेवढंच म्हणायचं असायचं. सासूबाई नावं टाकताना मी दिव्याकडं बघत पुढच्या झिलीसाठी श्वास भरून घेत असायची. सगळ्या ओळींची शेपटं मला पाठ. तोंड एकीचंही नाही. आणि मधल्या बायकांना गाळून एकट्या सासूबाईंना हाक मारता येत नव्हती.

जाऊबाईंना मी एवढंच म्हणाले, "ताई, मला नावं ठाऊक नाहीत."

"मग मना तरी कुटं ठावं हायत," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खाली बसल्या. "दुसऱ्या गावची धवलारीण आनली तरी तिला आपल्या घरच्या बाया काय ठावं? पोरगी आजीवर गेलेय. नाय म्हनली म्हंजे नाय."

दोन-तीन दिवस मी भाकऱ्या थापताना, पाणी भरताना आठवत राहिले. सासूबाईंची सासू द्वारका, हे नाव माहीत होतं. त्याच्या मागं अंधार.

आता तो दिवस. शनिवार होता. दुपारची वेळ, ऊन ओट्यावर आलेलं. हे दादांबरोबर मांडवाचं सामान बघायला गेले होते. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून लग्नाचे तांदूळ निवडत होते. सोबत म्हणून टीव्ही लावलेला. सरकारी चॅनल. एक साहेब आंब्याच्या कलमांना पाणी कसं द्यायचं ते सांगत होते. समोरच्या दोन्ही खोक्यांतून साहेब बोलत होते. मागचं खोकं नेहमीसारखं गप्प.

मागं कुणीतरी खाकरलं.

सासूबाई ओळ टाकायच्या आधी दोनदा खाकरायच्या, एकदा मोठ्यानं आणि मग एकदा हळू. तसंच... मोठ्यानं, मग हळू. मला वाटलं साहेबांनी घसा साफ केला. पण साहेब थांबलेच नव्हते. हातात फांदी धरून बोलतच होते.

आणि मग मागच्या खोक्यातून ओळ आली. देवांपासून नाही. मी जिथं अडले होते, बरोबर तिथून.

"मिठागराच्या वाटेची, सोनाय गो—"

माझ्या तोंडून झील निघून गेली. "मांडवा ये गो, मांडवा ये." मला विचार करायला वेळच मिळाला नाही. आवाजाला आवाज लावायची इतक्या वर्षांची सवय.

"हंड्यावर हंडा नेनारी, भागी गो—"

"मांडवा ये गो, मांडवा ये."

आवाज मोठा नव्हता. कुणी पाठीशी टेकून बसून गावं, एवढाच. त्यात सासूबाईंचा तो थोडा फाटलेला सूर, मिश्री लावल्यावर जीभ जरा जड व्हायची तो जडपणा, सगळं. मी मागं वळले नाही. भीती वाटली म्हणून नाही. अंगावर काटा होता, पण तो भीतीचा नव्हता. देवळाच्या गाभाऱ्याशी गेलं की आपण आपोआप हळू बोलतो ना, तसं आतून सगळं हळू झालं होतं. आणि धवलारणीच्या तोंडाकडं बघायचं नसतं. दिवा नव्हता, म्हणून मी सुपातल्या तांदळाकडं बघत राहिले. तांदूळ इतके पांढरे मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

एकेक बाई येत गेली. काही नावं मी कुणाकुणाच्या तोंडी ऐकलेली, काही कधीच नाही. मध्येच एक आलं, अगदी हळू, लहान मुलाला उठवताना बोलतात तसं —

"एका पैंजनाची, हिरू गो—"

मी झील धरली. हिरू कोण, मला ठाऊक नव्हतं.

"जाल्याची गाठ मारता निजलेली, द्वारका गो—"

"मांडवा ये गो, मांडवा ये."

आणि मागचं थांबलं. थांबलं, पण गेलं नाही. ओळ टाकण्याआधी धवलारीण श्वास भरते, तेव्हा मांडवात जी शांतता असते, ती माझ्या पाठीमागं होती. समोर साहेब बोलतच होते, पण माझं लक्ष मागं. पुढचं नाव कुणाचं, हे मला माहीत होतं. स्वतःचं नाव धवलारीण स्वतः कसं टाकील?

मी सासूबाईंचं नाव कधी तोंडात घेतलं नव्हतं. सुनेनं कसं घ्यायचं? शिवाय खूण कुठली सांगू, तेही सुचेना. मी खाकरले — आधी मोठ्यानं, मग हळू, ते आपोआप तसंच झालं — आणि जे मनात आलं ते टाकलं.

"मागल्या पाव्हन्यांना चाय इचारनारी, यमुना गो—"

आणि मागून झील आली.

"मांडवा ये गो, मांडवा ये."

जन्मभर मी त्यांच्या मागं बसले. त्यांनी कधी कुणाची झील धरलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशी त्यांनी माझी धरली.

मग टीव्हीवर कार्यक्रम संपल्याचं म्युझिक वाजलं, ते समोरून. मागचं खोकं गप्प झालं.

दारात भांडं वाजलं. जाऊबाई पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "काय गो मेले, म्हातारीचा आवाज कवापासून काढाया लागलीस?"

"ताई, मी नाही काढला."

"मग कोनी? मी मघापासून हितं उभी हाय. तुझी झील येगली, तिची ओल येगली. मना काय कलत नाय?" असं म्हणता म्हणता त्यांनी खोलीभर बघितलं. खोलीत मी एकटीच. मग भिंतीवरच्या खोक्याकडं बघितलं. कळशी तिथंच ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात धरला. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून त्यांनी माझा हात धरला नव्हता.

"कुठून ऐकलंत?" मी विचारलं.

"भागीपासून." मग म्हणाल्या, "ही हिरू कोन गो?"

"तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाय बाय." आणि मग, "पन बोलावलेय ना तिनं? मग येऊ दे."

रविवारी दिलीप सेट न्यायला आला. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघरात लपले होते, तर मला बाहेर बोलावलं. दिलीपनं सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. सरकारी चॅनल लावला, कान खोक्याला लावून बसला. गप्प. डिशचा चॅनल लावला. मागून टाळ्या. पुन्हा सरकारी. गप्प.

"वहिनी, लांब वायर कधीकधी रेडिओ पकडते," तो म्हणाला. "किंवा केबलवाल्यानं पलीकडं टेप लावली असेल आणि ती भिंतीतल्या वायरीतून आली असेल."

केबलवाल्याला विचारलं. शनिवारी तो खोलीला कुलूप लावून कल्याणला गेला होता. आणि टेप लावली असती तरी कसली? सासूबाईंची टेप जगात नाही.

दिलीप हसून म्हणाला, "असं मला जमलं असतं वहिनी, तर डोंबिवलीत रिपेरिंगचं दुकान टाकलं नसतं, देऊळ टाकलं असतं." पण जाताना चप्पल घालून पुन्हा आत आला आणि त्या प्लायवूडच्या खोक्याला हात लावून गेला. मी बघितलं.

सेट त्यानं नेला नाही. जाऊबाईंनी दारातच अडवला. "खोकी हितनं हलाची नायत. लग्नाचं आमी बघू. पैसं जमतील तवा द्या."

दादा आश्चर्यानं बघत राहिले. त्यांना वाटलं, बायकोला ऊन लागलं.

हळदीचा दिवस आला. मांडवात बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मधे तांदळाचं सूप, त्यात दिवा आणि नारळ. पुरुष बाहेर रस्त्यावर, बँडवाल्यांपाशी. आमच्याकडं धवला चालू असताना ते बाहेरच असतात, त्यांना कधी काही ऐकू जात नाही. माझा आवाज तर पहिल्या रांगेलाही जाईना. संगीता पाटावरून म्हणाली, "काकी, मोठ्यानं." मी आणखी लहान झाले.

हे घरातून अॅम्प्लिफायर आणि माईक घेऊन आले. मी म्हटलं, नको. आईंनी मशिनीत घालायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

जाऊबाई माझ्या मागं झील धरायला बसल्या होत्या. त्या कानाशी म्हणाल्या, "ती सोता मशिनीतनं आयली. आता तुला काय अडवतेय? गा."

मी गायले. ह्यांनी तिन्ही खोकी लावली होती, दोन मांडवात आणि ते प्लायवूडचं, ह्या वेळी साध्या जोडणीनं, बाहेर रस्त्याच्या तोंडाशी. मी डोळे दिव्यावर ठेवले. देव आले, गावदेवी आली, मग बायका. सोनाय, भागी... हिरू... द्वारका. आणि शेवटी चहा विचारणारी यमुना आली, तेव्हा सगळा मांडव हसला. हसता हसता संगीता रडायला लागली आणि तिनंच हळदीसाठी हात पुढं केले.

तेवढ्यात बायका बाजूला सरकल्या. पांडूकाका बाहेरच्या खोक्यापासून उठून मांडवात आले होते. पांडूकाका म्हणजे माझे चुलत सासरे, घरातले सगळ्यात म्हातारे पुरुष. बायकांच्या मांडवात ते कधी पाऊल ठेवायचे नाहीत. टोपी हातात घेतलेली. माझ्यासमोर उभे राहिले. मी पदर ओढून घेतला.

"हिरूचं नाव तुला कोनी सांगितलं?"

जाऊबाईच बोलल्या, "काका, हिरू कोन?"

"माजी भईन," ते म्हणाले. "माज्यापरीस धाकटी. खाडीच्या चिखलात एक पैंजन गेला तिचा. दुसरा काढून देयाची नाय. एकच घालून गावभर वाजत फिराची. त्याच वरसाला तापानं गेली... आयनं तिचं नाव घराबंद केलं. कोनी घेतलं तर आय जेवाची नाय. मी सोता इसरलो होतो गो, तिला नाव होतं म्हनून."

मग पांडूकाकांनी ताटातली चिमूटभर हळद उचलली. पुरुषानं आधी लावायची रीत नाही, तरी त्यांनी ती संगीताच्या पायाला लावली, घोट्यापाशी. एकाच पायाला.

मी पुष्कळ विचार केला. इतकी वर्षं झील धरताना ती नावं माझ्या कानावरून गेलीच असणार. सासूबाई घरच्या लग्नात हिरूला अशीच हळू हाक मारत असतील, आणि माझ्याच डोक्यात कुठंतरी ते साठून राहिलं असेल. असेलही. पण मग जाऊबाईंनी काय ऐकलं? आणि शेवटी झील कुणी धरली? ह्यांनी त्यानंतर कितीदा तरी सरकारी चॅनल लावून ठेवला. मागचं खोकं पुन्हा कधी बोललं नाही. दिलीपचं म्हणणं मी विसरले नाही, दोन्हीकडं सारखं असतं ते गळतं आणि वेगळं असतं तेवढंच मागं येतं. त्यापुढं मला काही कळत नाही. ज्यांना कळतं, त्यांनाही हे कळलेलं नाही.

त्या लग्नानंतर मला बोलावणी यायला लागली. कोलशेतहून, ढोकाळीहून, एकदा शीळफाट्याच्या पलीकडच्या गावाहूनही. आधी त्या घरच्या म्हाताऱ्यांपाशी बसते, त्यांच्या बायका विचारून घेते, विशेष करून ज्यांचं नाव कुणी घेत नाही त्या. मग गाते. झील जाऊबाई धरतात. माझी लाज गेली नाही, पण दिव्याकडं बघितलं की चालतं. धवलारणीला लुगडं, नारळ आणि ओटीत नोट मिळते. ते पैसे मी तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि थोडे जमले की पुढच्या दारात नेऊन द्यायची. ह्यांना नंतर दुसरीकडं नोकरी लागली, ते म्हणाले मी देतो. मी म्हटलं, नको, खोक्यांचे पैसे ह्यातूनच जाऊ दे.

परवा शेवटची नोट दिली. दादा ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी हातानंच बायकोकडं दे म्हणून दाखवलं. जाऊबाईंनी नोट उलटसुलट करून बघितली, बोटानं घासली.

"हलद लागलेय गो हिला," म्हणाल्या. मग पदराच्या टोकाला गाठ मारून ती बांधली. "फिटले. सगले फिटले."